पुण्यात बनलेला गेम संपवला आणि आता एकच प्रश्न : मराठी बोलणारा गेम कधी?

सोनसळी

मंडळी, राहवत नाहीये म्हणून धागा काढतेय. काल रात्री दीड वाजता 'राजी : ॲन एन्शंट एपिक' संपवला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. गेम तसा २०२० चा, मला उशिरा सापडला. गोष्ट अशी की रक्षाबंधनाच्या सणात असुर चाल करून येतात, राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवतात आणि ही एवढीशी पोर दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. भिंतीवरून धावते काय, खांबाला गिरकी घेऊन असुराच्या टाळक्यात हाणते काय! मधेच एखादी चित्रांनी भरलेली भिंत येते, तिच्यासमोर उभं राहिलं की दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत त्या चित्रातली कथा सांगतात. मी तर लढाई बाजूला ठेवून त्या भिंतींसमोरच रेंगाळायचे. महाल राजस्थानी वळणाचे, रंग पहाडी लघुचित्रांसारखे, सगळं हाताने रंगवल्यासारखं.

आता मी पुण्यात आणि माझा धाकटा भाऊ नाशकात. यंदा राखीला सुट्टी मिळाली नाही म्हणून राखी कुरियरने गेली, मग त्या संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवला आणि काय काय दिसतंय ते त्याला सांगत सांगत खेळले. "ताई गोलू सापडेल ना गं", असं एकवीस वर्षांचा घोडा विचारत होता!

आणि शेवटी नावं सरकली, मग शोधलं, तर हा नॉडिंग हेड्स स्टुडिओ आपल्या पुण्यातला! २०१७ मध्ये यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी गडी थांबले नाहीत, आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचले. माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावर कुठेतरी बसून कुणीतरी हे रंगवलं असेल या विचारानेच मला भरून आलं.

तर प्रश्न. राजी इंग्रजी बोलते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी बोलते. मराठी कधी बोलेल? तक्रार नाही हो, हावरटपणा आहे. यूट्यूबवर आपल्या मराठी सिरीज आणि शॉर्टफिल्म लोक डोक्यावर घेतात, मग गेम का नाही? तुम्हाला हवाय का, हवा असेल तर कसला? आणि सध्या काय खेळताय काय बघताय तेही लिहा, शनिवार-रविवार मोकळा आहे.

कॅसेटवाला

पहिला! सविस्तर नंतर लिहितो पण राजी मीपण खेळलोय, त्या मंडलाच्या चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी फार गोड आहेत. शेवट मात्र घाईत गुंडाळला असं वाटलं. पाच तासात खेळ खल्लास, भूक तशीच.

सोनसळी

@कॅसेटवाला हो, शेवट एकदम तुटतो हे खरं. भावाने तर "बस्स? संपलं?" म्हणून फोनच ठेवला. पण पहिल्याच गेममध्ये एवढं उभं केलं त्यांनी, मला त्याचंच कौतुक जास्त आहे.

बारामतीचा_बाळू

ताई गेमातलं मला काय कळत नाय पण बघायचं विचारलं म्हणून सांगतो. आमच्या तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा. लय साधी माणसं, लय साधी गोष्ट, रानात, पारावर, घराच्या ओट्यावर शूटिंग, पण घरातली तीन पिढ्या एकत्र बसून बघत्यात असं दुसरं काय दाखवा मला. आमची आजी सिनेमाला कधी गेली नाय, पण नवीन भाग आला का नाय ते आधी तिला कळतं. नवा भाग यायच्या दिवशी मोबाईल तिच्याकडं असतो, आम्ही मागनं बघायचं.

साजूक_तूप

बाळूभाऊ +१. आणि सातारा जिल्ह्यातली 'गावाकडच्या गोष्टी' विसरू नका, २०१७ ला कोरी पाटीने यूट्यूबवर आणली तेव्हा आम्ही हॉस्टेलला एका लॅपटॉपवर अकरा जण बघायचो. ती करणाऱ्या नितीन पवारांचीच 'आठवी-अ' बघितली का कुणी? शाळेतला तो काळ, ते चोरून बघणं, डबा वाटून खाणं, केवडा आणि आभ्याची ती धुसफूस… भाग संपला की नकळत आपल्या शाळेतली माणसं आठवायला लागतात. मी तर माझ्या आठवीतल्या बेंचवरच्या मैत्रिणीला चौदा वर्षांनी फोन लावला.

कॅसेटवाला

@साजूक_तूप आठवी-अ साठी शंभर वेळा +१.

आता सविस्तर. आमच्या लहानपणी गेमची भाषा हा प्रश्नच नव्हता कारण गेम बोलायचेच नाहीत. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत खरे गेम पंधरा-वीस. चालली नाही की फुंकर मारायची, परत लावायची. सुट्टीत तासावर व्हिडिओ गेम भाड्याने मिळायचा, गल्लीतली सगळी पोरं पैसे गोळा करायची आणि एक जण घड्याळ धरून बसायचा. कॉन्ट्रामध्ये तीस जीव मिळायचे त्याचा मंत्र अजून तोंडपाठ आहे : वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे, मग बी आणि ए बटण. आमच्या वाड्यात हा मंत्र मोठी पोरं धाकट्यांना कानात सांगायची, सगळ्यांसमोर नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की जपानमधल्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने तो १९८६ च्या ग्रेडियससाठी केला होता, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम अवघड जात होता. ज्याने बनवला त्यालाही जमत नव्हता हे वाचून केवढं हायसं वाटलं होतं!

म्हणून माझं मत, गेमला भाषा नसली तरी चालते. हातांना कळतं.

मिरचीभजी

धागा छान आहे पण माझं वेगळं मत मांडते, रागावू नका. माझा मुलगा नववीत आहे. सकाळी उठला की मोबाईल, जेवताना मोबाईल, बॅटल रॉयल, म्हणजे शेवटचा एक उरेपर्यंत मारामारीचा तो गेम, चालू असेल तर हाक मारली तरी ओ नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलाने पैसे लावून खेळायच्या एका ॲपवर घरचे पैसे घालवले, घरात चार महिने रडारड चालली होती. त्यामुळे मराठीत गेम आले तर मला आनंद होईल असं काही वाटत नाही. सिरीज ठीक आहे, ती संपते तरी. गेम संपतच नाही.

रात्रपाळी

@मिरचीभजी ताई, राग कसला, तुमचं दुखणं खरं आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. पैसे लावायचे ते खेळ म्हणजे जुगार, त्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदाच केला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद. आणि तुम्ही म्हणता तसे न संपणारे गेम वेगळे, ते तसेच बांधलेले असतात, रोज या, रोज बक्षीस घ्या. पण सोनसळी म्हणतेय तो गेम गोष्टीचा आहे, त्याला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, कादंबरीसारखा. पुस्तक वाचणाऱ्या पोराला आणि मटका लावणाऱ्या पोराला आपण एकच नाव देत नाही ना?

राहिलं माझं. मी 'सिल्कसाँग'मध्ये बुडालोय. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये टीम चेरी म्हणून छोटीशी टोळी आहे, मूळची तीन माणसं. २०१७ ला 'हॉलो नाइट' काढला, २०१९ च्या फेब्रुवारीत सिल्कसाँग जाहीर केला आणि मग आम्ही नुसती वाट बघतोय, वाट बघतोय. २०२५ च्या ४ सप्टेंबरला आला एकदाचा, तर जगभरातून इतके लोक तुटून पडले की गेम विकणारी ऑनलाइन दुकानंच काही वेळ आडवी झाली! कंपनीतनं रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, तरी बसलो. किड्यांचं राज्य, घंटा, रेशीम, आणि ती सुईसारखी तलवार घेऊन उड्या मारणारी हॉर्नेट. एका राक्षसाने मला सदतीस वेळा मारलं. अडतिसाव्या वेळी तो पडला तेव्हा मी एवढ्याने ओरडलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या, नोकरी लागली का रे?

दप्तर_फेकलं

हाहाहा काकू!!

मिरचीभजी मावशी, तुमच्या मुलाच्या बाजूने थोडं बोलू का? मीपण बॅटल रॉयलवालाच. 'इंडस' खेळतो, तोपण पुण्यातलाच आहे, सुपरगेमिंगचा, ऑक्टोबर २०२४ ला आला. सोनसळीताई, तुमच्या यादीत हापण घ्या. त्यात विरलोक नावाचा ग्रह आहे, कॉस्मियम नावाची वस्तू हाताशी आली की शेवटचा माणूस उरायच्या आतच जिंकता येतं, त्यामुळे शेवटची दोन मिनिटं नुसता धिंगाणा असतो. मला त्याचा फायदा असा झाला की चार मित्र चार गावाला गेले, एक लातूरला, एक गोव्याला, तरी रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा आम्ही एकत्र असतो. खेळतो कमी, बोलतो जास्त. साडेदहाला आई येऊन उभी राहते, मग बंद. वेळ ठरवून द्या मावशी, आणि कधीतरी शेजारी बसून बघा तो काय खेळतो ते. आई बसली होती एकदा, तिला वाटलं होतं मी अनोळखी लोकांना मारतोय, नंतर कळलं आम्ही मेसच्या भाजीबद्दल बोलतोय.

मिरचीभजी

शेजारी बसायचं हे मात्र मी कधी केलं नाही. बघते.

आजोबा_ऑनलाइन

मी ७१ वर्षांचा आहे आणि या धाग्यावर माझा काही अधिकार नाही असं समजू नये. २०२० च्या टाळेबंदीत लुडो किंग खेळून मी माझ्या नातीला एकूण ४१२ वेळा हरवलेलं आहे, वहीत नोंद आहे. ती बंगळुरूला, आम्ही डोंबिवलीला. दिवसा रामायण बघायचं आणि रात्री लुडो. आमची ही तर सोंगटी मारली की फोनवरच टाळ्या वाजवायची. तो गेमही नवी मुंबईत तयार झालेला आहे, गेमेशन कंपनीचा, २०१६ चा, हे मला नातीनेच सांगितलं. आमच्या लहानपणी सारीपाट होता, काचापाणी होतं, सागरगोटे होते. हे सगळं मोबाईलवर मराठी नावांनी का येऊ नये? काचापाण्याचा गेम कुणी केला तर पहिला ग्राहक मी.

सोनसळी

काका!! ४१२!! वहीचा फोटो टाका प्लीज.

आजोबा_ऑनलाइन

टाकतो. नात ६७ वेळा जिंकली तेही लिहिलेलं आहे, अन्याय नको.

इतिहासवेडा

मराठी बोलणारा नाही पण मराठ्यांचा गेम आहे, आणि तो इंग्लंडातल्या लोकांनी बनवलाय. २००९ चा 'एम्पायर : टोटल वॉर'. त्यात मराठे घेऊन खेळता येतं, साल १७००, राजधानी सातारा, उत्तरेला मुघल. मी कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या रात्री मुघलांच्या राजधानीवर जरीपटका लावला होता.

पण एक गंमत लक्षात घ्या. गेम १७०० मध्ये सातारा तुमच्या हातात देतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, किल्लेदार प्रयागजी प्रभू. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी कारभार हातात घेतला. म्हणजे गेम जिथे 'नवीन डाव' म्हणून सुरू होतो तिथे खरा इतिहास सगळ्यात बिकट वळणावर उभा आहे. मला तोच गेम हवाय. सैन्य कमी, खजिना रिकामा, छत्रपती गेलेले, बादशहा दारात, आणि तुम्ही ताराबाई. किल्ला द्यायचा, पैसे घ्यायचे, पावसाळा आला की परत घ्यायचा! औरंगजेबाने घेतलेले किल्ले मराठ्यांनी कसे परत घेतले याचा गेम केला तर जगात कुणीही खेळेल. आणि त्यातल्या हेरांनी मराठीत बोललंच पाहिजे, यावर तडजोड नाही.

बारामतीचा_बाळू

@इतिहासवेडा हे झालं तर मीपण गेम शिकतो बघा. ताराबाईंवर आमची आजीपण बघंल.

घाटमाथा

अवांतर : ज्यांना सह्याद्री गेममध्ये बघायचाय त्यांनी 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' खेळा, २०१७ चा. घाटात जीप घेऊन हिंडायचं, धबधबे, चिखल, होयसळांची पडकी देवळं. गणपतीचा सोन्याचा दात शोधायची गोष्ट आहे आणि परशुरामाच्या परशूने तो दात तुटल्याची कथा पात्रांच्या तोंडून येते. होयसळ म्हणजे कर्नाटकातला भाग, आपला नाही, पण ती ओली काळी माती आणि अंगावर येणारं हिरवं रान बघून मी आंबोलीतच आहे असं वाटलं. मुद्दाम एका धबधब्याखाली जीप लावून दहा मिनिटं नुसता आवाज ऐकत बसलो.

लघुपट_वेडी

सगळे गेमवरच बोलताय म्हणून मी शॉर्टफिल्मचा झेंडा घेऊन येते. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' बघितली नसेल तर आज बघा, पंधराच मिनिटं. शाळेत जायची ओढ असलेला पारधी समाजातला मुलगा आणि त्याला चोरीकडे ढकलणारी परिस्थिती. त्यातला तो मुलगा सूरज पवार, हाच पुढे सैराटमध्ये प्रिन्स झाला. आणि 'पावसाचा निबंध', ज्याच्यासाठी मंजुळेंना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि इकडे घर गळतंय. आपण सगळ्यांनी 'पावसाळा मला खूप आवडतो, मोर नाचतो' असाच निबंध लिहिला ना? मीपण लिहिला, दहापैकी आठ मिळाले. ती फिल्म बघताना मला त्या आठ मार्कांची लाज वाटली.

@कॅसेटवाला तुमचं 'भाषा नसली तरी चालते' मला पटत नाही. पावसाचा निबंध दुसऱ्या भाषेत डब करून बघा बरं. त्या घरातली हाक, ते वैतागणं, ते पुटपुटणं गेलं की उरतो नुसता पाऊस.

कॅसेटवाला

@लघुपट_वेडी … मान्य. हरलो. कॉन्ट्राला भाषा लागत नाही, गोष्टीला लागते.

टोरांटोची_थंडी

सगळा धागा एका दमात वाचला. सोनसळी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या शहरात आहे असं वाटतं. 'वेंबा' नावाचा गेम खेळ, २०२३ चा, इथल्याच विसाई गेम्सने केलाय. कॅनडात आलेली तमिळ आई, तिचा नवरा आणि मुलगा कवीन. आईकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, फाटलेली, शाई पुसलेली, आणि आपण अंदाजाने पदार्थ करायचे. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा लावायच्या, भोकं कुठे यायला हवीत म्हणजे वाफ सगळीकडे जाईल, हे कोडं! मी ते पहिल्या फटक्यात सोडवलं आणि माझा इथलाच एक सहकारी वीस मिनिटं बसला होता. आयुष्यात प्रथमच माझ्या आईच्या स्वयंपाकघराने मला एखाद्या गेममध्ये पुढे नेलं.

आणि भाषा! आईबाप तमिळ बोलतात, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो आणि तो जे बोलतो त्यातलं काही अक्षरांत धूसर होतं, कारण आईला ते नीट कळत नाही. मी तिथे रडले. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, मी "इकडे ये गं" म्हणते आणि ती इंग्रजीत काहीतरी बोलून पळते. दीड तासाचा गेम आहे, त्याला २०२४ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत पदार्पणाचं बक्षीस मिळालं. त्यांनी तमिळपणा कुठेही पातळ केला नाही आणि तरी जग खेळलं. म्हणून मला मराठी गेम हवाय तो ढाल-तलवारीचा नको. आजीच्या वहीचा हवाय.

मिरचीभजी

टोरांटो, हा गेम नववीतल्या मुलाला चालेल का? दीड तासाचा म्हणताय म्हणून विचारते.

टोरांटोची_थंडी

नक्की चालेल. दोघं मिळून खेळा.

जोडाक्षर

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो, कारण मी याच धंद्यात आहे आणि मराठी गेम का नाही याचं एक कारण कुणीच लिहिलं नाही. पैसा, बाजार ही कारणं आहेतच. पण एक अगदी बारीक कारण आहे : अक्षरं.

देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरं ठेवून लिहिता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी व्यंजनाआधी. जोडाक्षरं जुळायला हवीत. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा. हे सगळं करणारा एक वेगळा भाग गेमच्या इंजिनात, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्यात, लागतो, त्याला आम्ही शेपिंग म्हणतो. तो नसला तर 'पिठी' लिहिलं की वेलांटी प ला सोडून ठ ला चिकटते. 'त्रिशूळ'चा त, पाय मोडलेला, एकटाच उभा राहतो, र वेगळा. चार वर्षांपूर्वी मी एका छोट्या गेमसाठी मराठी संवाद लिहिले होते, माझ्या हातातल्या इंजिनात हे शेपिंग नव्हतं, शेवटी प्रत्येक वाक्याचं चित्र करून चिकटवलं. साडेतीनशे चित्रं! एका वाक्यात काना चुकला की ते चित्र परत. सातव्या वेळी मी तो गेम बंद करून ठेवला आणि परत उघडला नाही.

आता परिस्थिती बरीच बरी आहे. हार्फबझ नावाची फुकट, सगळ्यांना खुली अशी व्यवस्था आहे, ती अक्षरं नीट जुळवते. गोडो नावाचं इंजिनही फुकट आहे आणि २०२३ ला आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ती आतच बसवलेली आहे. म्हणजे आज कुणी बसलं तर अक्षरांमुळे अडणार नाही.

सोनसळी

@जोडाक्षर साडेतीनशे चित्रं… वाचतानाच माझे हात दुखले. कुणी बसलं तर म्हणजे काय? तुम्ही बसा! गणपतीला बारा दिवस आहेत. आजीची वही, उकडीचे मोदक, दहा मिनिटांचा गेम. मी मजकूर लिहिते.

दप्तर_फेकलं

मी चित्रं काढतो!! खरंच काढतो, बीएफए दुसऱ्या वर्षाला आहे.

जोडाक्षर

मी काल रात्री गोडो उघडून बसलोच आहे, खोटं कशाला बोलू. मोदकाची कृती नीट सांगा कुणीतरी, मी विदर्भातला, आमच्याकडे तळणीचे.

साजूक_तूप

पिठी जितकी तितकंच पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पिठी घालायची, झाकण ठेवून वाफ आणायची. मग गरम असतानाच मळायची, हात भाजले तरी चालेल पण थांबायचं नाही. सारणात ओलं खोबरं, गूळ, वेलची. पारी करताना मध्यभागी जाड आणि कडेला पातळ. सारण भरलं की कळ्या पाडून वर टोक.

घाटमाथा

कळ्या नाही हो, मुखऱ्या. आमच्याकडे सिंधुदुर्गात मुखऱ्याच म्हणतात.

साजूक_तूप

आमच्या घरी कळ्या.

आजोबा_ऑनलाइन

आमची ही चुण्या म्हणते. अकरा तरी हव्यात असं तिचं म्हणणं आहे, एकवीस जमल्या तर सोन्याहून पिवळं.

इतिहासवेडा

गेम सुरू होतानाच विचारा, तुमच्या घरी काय म्हणतात? कळ्या, मुखऱ्या की चुण्या. मग पुढे गेमभर आजी तोच शब्द वापरेल.

जोडाक्षर

@इतिहासवेडा हे घेतलं! फार भारी.

मिरचीभजी

वेंबा खेळलो आम्ही दोघं. पहिला अर्धा तास तो कंटाळला होता, मी सारखी मधे बोलत होते, "अरे भोक त्या बाजूला". मग कवीन मोठा होऊन आईशी नीट बोलत नाही तो भाग आला. आम्ही दोघंही गप्प झालो. खेळून झाल्यावर पठ्ठ्याने विचारलं, आई तुझ्याकडे आजीची वही आहे का? आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. रविवारी काढली. त्यात मोदकाच्या पानावर तेलाचा डाग आहे आणि पाण्याचं माप पुसलंय. ते पान हवं असेल तर फोटो देते, गेममध्ये तसंच दाखवा.

आणि काल तो त्याचा बॅटल रॉयल खेळत होता तेव्हा शेजारी बसले. खरंच भाजीबद्दलच बोलत होते.

टोरांटोची_थंडी

मिरचीभजी ताई, ते पान द्याच. आजीचा आवाज मी देऊ का? माझ्या आईचा, खरं तर. ती सध्या इथे आलीय, सातारी हेल आहे तिचा. "मळ गं, हात काय लोण्याचा आहे का तुझा" असं काल तिने मला म्हटलं ते मी गुपचूप रेकॉर्ड केलंय.

बारामतीचा_बाळू

हे वाक्य गेमात पायजेच!!

जोडाक्षर

पहिला तुकडा खाली चिकटवलाय, चार मिनिटांचा आहे. उकड काढणं आणि पारी करणं एवढंच चालतं, सारण अजून नाही. दप्तरने वहीचं पान फार सुंदर काढलंय, तेलाच्या डागासकट. आवाज जोडलाय. पारी कडेला जाड राहिली की आजी ओरडते. फाटली की ओरडत नाही, "राहू दे, परत कर" म्हणते, ही सूचना मिरचीभजी ताईंची. चुका सांगा.

आजोबा_ऑनलाइन

माझ्या फोनवर सुरू झाला. हिने तीन मोदक फाडले, चौथा जमला. अक्षर थोडं मोठं करता येईल का?

जोडाक्षर

करतो काका, आजच.

कॅसेटवाला

उकड मळताना बोटं गोल फिरवायची ती कल्पना झकास आहे. माझ्याकडे वाफेचा आवाज मधेच तुटतो, तेवढं बघा.

सोनसळी

भावाला लिंक पाठवली. या वेळी त्याच्या स्वतःच्या फोनवर चालला, मला सांगत बसावं लागलं नाही. तो खेळत होता आणि मी फोनवर नुसती ऐकत होते.

@जोडाक्षर एकच विचारायचं होतं, 'मुखऱ्या' निवडलं तर ते अक्षर नीट येतंय का? माझ्याकडे पहिल्या तुकड्यात कळ्याच दिसतंय.

जोडाक्षर

निवडायचा भाग काल रात्री जोडला. आता परत उतरवून घ्या. मुखऱ्या, ऱ्या सकट, अगदी व्यवस्थित. मी ते पडद्यावर चारदा उघडून पाहिलं.

घाटमाथा

दिसलं! आईला दाखवलं. सारण कधी?